हिरव्या किटची पारख: अंगावरून पांढरं जाण्यावरचं सरकारी औषध कधी घ्यावं, कधी नको

सरकारी दवाखान्यात 'अंगावरून पांढरं जातंय' असं सांगितलं की बहुतेक वेळा हातात एक छोटं हिरवं पाकीट येतं. हे किट क्रमांक २. आत तीनच गोळ्या असतात: सेक्निडाझोलच्या प्रत्येकी १ ग्रॅमच्या दोन आणि फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक. नाको म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने लैंगिक आणि प्रजनन मार्गाच्या संसर्गांसाठी सात रंगांची सात किट ठरवून दिली आहेत. त्यातलं हिरवं योनीस्रावासाठी. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज इथल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे या संसर्गांसाठीच्या सरकारी क्लिनिकमध्ये, ते मोफत मिळतं.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. औषधं नीट निवडलेली आहेत, मात्रा बरोबर आहे, आणि सगळं एकाच वेळी घ्यायचं असल्याने कोर्स अर्ध्यावर सोडण्याचा प्रश्न येत नाही. खोट आहे ती देण्याच्या पद्धतीत. टेबलापलीकडून दोन प्रश्न विचारून, न तपासता दिलेलं किट अनेक जणींना गरज नसताना जातं. आणि ज्यांना वेगळाच उपचार हवा त्यांचा आजार त्याने लांबणीवर पडतो. म्हणून इथे गोळ्यांइतकंच त्यांच्या आधीच्या तपासणीबद्दल लिहिलं आहे.

ज्यांना या किटची गरजच नाही

पाळी येण्याच्या वयातल्या स्त्रीला दिवसाला साधारण १ ते ४ मिलिलिटर स्राव होतो. चहाचा एक चमचा ५ मिलिलिटरचा असतो, त्यावरून अंदाज येईल. हा स्राव पारदर्शक किंवा दुधाळ पांढरा असतो, वास नसतो किंवा किंचित आंबूस असतो, आणि त्याने खाज, जळजळ, दुखणं यातलं काही होत नाही. कपड्यावर वाळला की त्याचा पिवळसर डाग पडतो. हा डाग पाहून कित्येक जणी घाबरतात आणि डॉक्टरांना 'पिवळं जातं' म्हणून सांगतात. रंग पाहायचा तो स्राव ओला असताना. वाळल्यावरच्या रंगावरून काहीही ठरवू नये.

महिन्याच्या चक्रात तो सारखा बदलत राहतो. पाळी संपल्यावर काही दिवस बऱ्यापैकी कोरडं वाटतं. बीज सुटायच्या आधीचे दोन-तीन दिवस तो वाढतो, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक आणि निसरडा होतो, दोन बोटांत धरून ताणला तर तार धरतो. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि तोच स्राव दाट, चिकट, पांढरट होतो. पाळी २८ दिवसांची असेल तर तार धरणारे दिवस चौदाव्या दिवसाच्या आसपास येतात, ३५ दिवसांची असेल तर एकविसाव्याच्या. दर महिन्याला ठरावीक दिवसांत 'खूप जातं' आणि मग आपोआप कमी होतं असं असेल, तर बीज वेळेवर सुटतंय एवढंच त्यातून कळतं. तारखा लिहून ठेवल्या की दोन महिन्यांत हे लक्षात येतं.

गरोदरपणात स्राव वाढतो. मुलींना पहिली पाळी येण्याआधी सहा महिने ते वर्षभर पांढरं जायला लागतं. नुकत्याच जन्मलेल्या मुलीलाही पहिल्या काही दिवसांत आईच्या हार्मोनमुळे थोडा स्राव होऊ शकतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी प्रमाण कमी-जास्त होतं. यातल्या कशालाच औषध लागत नाही.

यामागची यंत्रणा समजली की पुढचं सगळं सोपं जातं. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखर साठते. लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू या साखरेवर जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे योनीचा पीएच ३.८ ते ४.५ राहतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. एवढ्या आंबट जागेत रोग करणाऱ्या बहुतेक जिवाणूंचं बस्तान बसत नाही. पहिल्या पाळीआधी आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी असतं, म्हणून तेव्हा पीएच ४.५ च्या वरच असतो. त्या वयात पीएचवरून निदान करायचं नसतं.

पांढरं गेल्याने हाडं झिजतात, अंगातली शक्ती निघून जाते, ही समजूत घरोघरी आहे. दिवसाच्या तीन-चार मिलिलिटर स्रावातून हाडं झिजतील असं काही बाहेर जात नाही. मात्र कंबरदुखी आणि थकवा खरे असतात, आणि त्यांचं कारण बऱ्याचदा रक्तक्षय, कामाचा बोजा किंवा मनावरचा ताण हे असतं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला होता. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा चिंता, नैराश्य आणि घरातल्या ताणाशी जास्त घट्ट निघाला. अशा बाईला हिरवं किट दिलं की आठवड्याभराने ती पुन्हा येते, पुन्हा किट घेते, आणि तिच्या मूळ त्रासाकडे कोणी पाहतच नाही. तिचं हिमोग्लोबिन तपासणं आणि दहा मिनिटं तिचं ऐकून घेणं हे तिच्यासाठी खरं औषध आहे.

किटाआधीची पाच मिनिटं

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आज दवाखाने वाढले, औषधं वाढली, तरी आतून न तपासता औषध देण्याची सवय बरीच तशीच आहे. किट चांगलं ठरतं की वाया जातं, हे त्या तपासणीवर ठरतं. ती कशी व्हायला हवी ते कळलं तर बाई ती मागू शकते.

आधी प्रश्न: किती दिवसांपासून, रंग कोणता, वास येतो का, खाज की जळजळ, लघवीला आग आत होते की बाहेरच्या कातडीवर, ओटीपोटात दुखतं का, संबंधानंतर रक्त जातं का, शेवटची पाळी कधी, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का, तांबी बसवली आहे का, नवऱ्याला काही त्रास आहे का, मधुमेह आहे का, नुकत्याच कोणत्या गोळ्या घेतल्या. मग पडद्याआड तपासणी. बाहेरची कातडी पाहायची: लाली, सूज, भेगा, फोड, जखमा. त्यानंतर स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत पाहायचं साधन. ते निर्जंतुक असावं आणि कोमट पाण्याने ओलं करून घालावं. जेली लावली तर नमुना बिघडतो. त्यातून दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसायला हव्यात: योनीच्या भिंतीवरचा स्राव, आणि गर्भाशयाच्या तोंडातून येणारा स्राव. सगळ्या तपासणीतला हाच कळीचा मुद्दा आहे. हिरवं किट फक्त पहिल्यासाठी आहे. गर्भाशयाच्या तोंडातून पू आल्यासारखा पिवळा स्राव येत असेल, कापूस लावताच रक्त येत असेल, तर तो आजार वेगळा आणि किटही वेगळं.

पीएचची पट्टी योनीच्या बाजूच्या भिंतीला टेकवायची. गर्भाशयाच्या तोंडाजवळचा चिकट स्राव, रक्त आणि वीर्य हे तिन्ही आम्लधर्मी नसतात, त्यामुळे त्यांचा स्पर्श झाला तर पीएच खोटा जास्त येतो. म्हणून पाळी चालू असताना ही चाचणी करू नये. मग काचपट्टीवर स्रावाचे दोन थेंब: एकात सलाइन, दुसऱ्यात १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. दुसऱ्या थेंबातून माशासारखा उग्र वास आला तर तीही एक खूण. सूक्ष्मदर्शक असेल तर सलाइनची पट्टी लगेच पाहायची, कारण ट्रायकोमोनास ओळखता येतो तो त्याच्या हालचालीवरून, आणि पट्टी थंड झाली किंवा वाळली की तो हलणं थांबवतो. तासाभराने पाहिलेली पट्टी 'काही नाही' म्हणते, आणि बाई आजार घेऊन घरी जाते.

शेवटी हाताने तपासणी: एका हाताची दोन बोटं आत, दुसरा हात ओटीपोटावर. गर्भाशयाचं तोंड हलवल्यावर दुखलं तर संसर्ग वर चढला आहे असं धरून चालतात.

सूक्ष्मदर्शक, रसायन, पट्टी यातलं काहीच नसलं तरी स्पेक्युलम, टॉर्च आणि कापूस एवढ्यावर बरंच काही ठरतं. ज्यांचा संबंध कधी आलेला नाही त्यांना स्पेक्युलम घालत नाहीत. बाहेरून पाहतात आणि पातळ स्वॅबने स्राव घेतात.

तीन आजार, तीन गोळ्या

योनीतला स्राव बिघडण्याची नेहमीची कारणं तीन, आणि किटातल्या दोन औषधांत तिन्ही येतात.

बुरशी, म्हणजे कॅन्डिडा. खाज हे तिचं मुख्य लक्षण, रात्री झोप मोडेल अशी. स्राव पांढरा, घट्ट, दह्याच्या कवड्यांसारखा भिंतींना चिकटलेला; वास जवळजवळ नसतोच. बाहेरची कातडी लाल, सुजलेली, कधी चिरलेली. लघवी तिच्यावरून गेली की आग होते. पीएच नेहमीसारखाच, ४.५ च्या खाली. अँटिबायोटिकचा कोर्स, गरोदरपण, स्टेरॉइड आणि मधुमेह यांच्या मागोमाग ती येते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या सुरू झाल्यावर खाज सुरू झाली असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. किटातली फ्लुकोनाझोलची एक गोळी साध्या बुरशीला पुरते, दोन-तीन दिवसांत आराम पडतो. सूज आणि भेगा जास्त असतील तर ७२ तासांनी दुसरी गोळी लागते, आणि ती किटात नाही. वर्षातून तीन-चारदा त्रास होत असेल तर दर वेळी किट घेण्यापेक्षा उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासावं, स्रावाचं कल्चर करावं, म्हणजे त्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिची जात पाहावी. कॅन्डिडा ग्लाब्राटा जातीवर फ्लुकोनाझोल नीट चालत नाही.

दुसरं बॅक्टेरियल व्हजायनोसिस. इथे बाहेरून कुणी शत्रू आलेला नसतो. लॅक्टोबॅसिलस घटतात आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. स्राव पातळ, राखाडी पांढरा, भिंतीवर एकसारखा पसरलेला. माशासारखा वास, संबंधानंतर आणि पाळीत जास्त, कारण वीर्य आणि रक्त पीएच वाढवतात. खाज फारशी नसते. निदानासाठी १९८३ पासून ॲम्सेलचे चार निकष वापरतात: असा स्राव, ४.५ च्या वर पीएच, रसायनाच्या थेंबाचा वास, आणि कडा जिवाणूंनी झाकलेल्या पेशी. चारातले तीन जुळले की झालं. सेक्निडाझोल २ ग्रॅम यावर चालतं. ते शरीरात बराच वेळ टिकतं म्हणून एकदाच घ्यावं लागतं. मेट्रोनिडाझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा सात दिवस घ्याव्या लागतात आणि चौथ्या दिवसापासून विसरल्या जातात. या बाबतीत हिरवं किट उजवं आहे. पण हा आजार परततो, वर्षाच्या आत निम्म्याहून जास्त जणींमध्ये. ऑस्ट्रेलियातल्या २०२५ च्या एका अभ्यासात जोडीदार पुरुषालाही त्याच वेळी गोळ्या आणि मलम दिल्यावर १२ आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण ३५ टक्के होतं. फक्त स्त्रीला औषध दिलं तिथे ६३ टक्के. वारंवार त्रास होणाऱ्या जोडप्याने हे डॉक्टरांशी बोलावं.

तिसरा ट्रायकोमोनास, संबंधातून येणारा एकपेशीय जीव. स्राव पिवळट हिरवा, भरपूर, कधी फेसाळ, वासाचा. खाज आणि आग दोन्ही. बऱ्याच जणींना काहीच जाणवत नाही, पुरुषांना तर बहुधा नाहीच. सेक्निडाझोल यावरही चालतं, मात्र नवऱ्याने किंवा जोडीदाराने औषध घेतलं नाही तर ते वाया गेलं म्हणून समजा. दोघांचं औषध होऊन आठवडा जाईपर्यंत संबंध टाळावा, निदान निरोध वापरावा.

हे चित्र पुस्तकात जितकं स्वच्छ आहे तितकं प्रत्यक्षात नसतं. दोन आजार एकत्र असतात. किटात दोन्ही औषधं एकत्र ठेवण्यामागे हेच कारण आहे, आणि ते आम्हाला पटतं. शिवाय सेक्निडाझोलनंतर काही जणींना बुरशीची खाज सुरू होते. सोबतच्या फ्लुकोनाझोलने त्यालाही थोडा अटकाव होतो.

किट जिथे कमी पडतं

गर्भाशयाच्या तोंडाचा दाह, म्हणजे गोनोरिया किंवा क्लॅमिडिया, यावर हिरव्या किटातलं काहीही चालत नाही. त्यासाठी करडं किट आहे: ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम. ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, तर पिवळं किट: सेफिक्झिमची एक गोळी, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सिसायक्लिन प्रत्येकी २८, चौदा दिवस. ओटीपोटाच्या दुखण्यावर हिरवं किट घेऊन घरी बसलं तर गर्भनलिकांना कायमची इजा होऊ शकते आणि पुढे दिवस राहायला अडचण येते. चुकलेल्या पाळीसोबत पोट दुखत असेल तर कुठलंच किट घेऊ नये. आधी गर्भ नळीत तर नाही ना, हे पाहावं लागतं.

पाळी गेलेल्या बाईला पाण्यासारखं, रक्ताची छटा असलेलं किंवा घाण वासाचं जात असेल, तर किट हातात घेण्याआधी गर्भाशयाचं तोंड तपासून घ्यावं. ते कॅन्सरचं लक्षण असू शकतं. संबंधानंतर रक्त जाणं हीसुद्धा तशीच खूण, वय काहीही असो. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची व्हीआयए तपासणी होते: गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. स्पेक्युलम घातलंच आहे तर तीही त्याच वेळी करून मागावी. पाळी गेल्यावरची कोरडी जळजळ आणि थोडा पिवळट स्राव इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे येतो. त्यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम लागतं, जंतूनाशक नव्हे.

आत राहून गेलेला टॅम्पॉन किंवा कापसाचा बोळा असह्य दुर्गंधी आणतो आणि काढल्याशिवाय काहीही बरं होत नाही. पहिल्या पाळीच्या बऱ्याच आधीच्या वयाच्या मुलीला वासाचा किंवा रक्ताचा स्राव होत असेल तर आत काही अडकलेलं असू शकतं, जंत असू शकतात, किंवा तिच्यावर अत्याचार झालेला असू शकतो. अशा मुलीला गोळ्या देऊन गप्प बसवू नये. ती काय सांगते ते शांतपणे ऐकावं आणि तिला बालरोग किंवा स्त्रीरोग विभागात न्यावं.

घ्यायचं कसं

जेवणानंतर, तिन्ही गोळ्या एकाच वेळी, भरपूर पाण्याबरोबर. सेक्निडाझोलने तोंडाला धातूची चव येते, मळमळ होते, डोकं दुखतं. एक-दोन दिवसांत जातं. गोळ्या घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली तर क्लिनिकला कळवावं, मात्रा पुन्हा द्यावी लागू शकते. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस दारू अजिबात नको. ताडी, वाइन, दारूचा अंश असलेली टॉनिकंही नकोत.

गरोदर बाईने हे किट घेऊ नये. गरोदरपणात तोंडाने घ्यायचं फ्लुकोनाझोल टाळतात. बुरशीला योनीत ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी सात रात्री देतात, आणि बाकीचं डॉक्टर महिना पाहून ठरवतात. पाळी चुकली असेल तर आधी लघवीची तपासणी. अंगावर पाजणाऱ्या आईने तसं सांगावं: सेक्निडाझोलनंतर ९६ तास दूध पाजू नये असं अमेरिकेतल्या औषधपत्रकात लिहिलेलं आहे, त्यामुळे तिच्यासाठी दुसरा उपचार सोयीचा. वॉरफरिन, ग्लिमेपिराइड, फेनिटॉइन या गोळ्या चालू असतील तर त्यांची पट्टी सोबत न्यावी. फ्लुकोनाझोल त्यांचा परिणाम वाढवतं; वॉरफरिनने रक्तस्राव होऊ शकतो, ग्लिमेपिराइडने साखर एकदम उतरू शकते.

दुकानातले पर्याय

मेडिकलच्या दुकानात 'पांढऱ्यावरचं किट' म्हणून चार गोळ्यांचं पाकीट सर्रास मिळतं. हिरव्या किटातल्या तीन आणि वर ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम. एक जास्त म्हणजे जास्त चांगलं, असं दुकानदार सांगतो. आम्ही ते घेऊ नका म्हणतो, आणि कारण स्पष्ट आहे. योनीच्या तिन्ही आजारांना ॲझिथ्रोमायसिन लागत नाही. गर्भाशयाच्या तोंडाला गोनोरिया असेल तर एकट्या ॲझिथ्रोमायसिनने भागत नाही, सेफिक्झिम किंवा सेफ्ट्रायॲक्झोन लागतं. क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिन सात दिवस जास्त भरवशाचं. म्हणजे एकीकडे ते जास्तीचं, दुसरीकडे अपुरं. वर जिवाणू औषधाला सरावतात ते वेगळंच. अँटिबायोटिकच्या पट्टीवरची उभी लाल रेघ चिठ्ठीशिवाय देऊ नये यासाठीच छापलेली असते.

योनीत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्यांबद्दल मात्र चांगलं सांगता येतं. बुरशी नक्की असेल तर त्या तोंडाच्या गोळीइतक्याच चालतात: ५०० मिलिग्रॅमची एक रात्र, २०० ची तीन रात्री किंवा १०० ची सहा रात्री. झोपताना, पाठीवर पडून, गुडघे वर घेऊन बोटभर आत सरकवायची. पाळीत घालू नये. सकाळी जो पांढरा चुरा बाहेर येतो तो गोळीचा असतो, आजार वाढल्याचा नव्हे. एवढं न सांगितल्याने कित्येक जणी दुसऱ्या दिवशी औषध बंद करतात. या गोळ्यांनी निरोधचं रबर कमकुवत होऊ शकतं, तेवढे दिवस त्यावर विसंबू नये.

इंटिमेट वॉशची बाटली कुठल्याच आजारावरचा उपाय नाही. ती बाहेरच्या कातडीवर लावायची वस्तू आहे, आतला पीएच तिने सुधारत नाही, आणि तिच्यातल्या सुगंधाने कातडी चुरचुरू शकते. बाहेरून साधं पाणी पुरतं. आत बोट, साबण, डेटॉल, लिंबू, दही काहीही घालू नये. आतून धुतल्याने लॅक्टोबॅसिलस निघून जातात आणि बॅक्टेरियल व्हजायनोसिसला वाट मिळते; वास जावा म्हणून धुणाऱ्या बाईचा वास त्यामुळेच वाढतो.

सुरक्षा क्लिनिक

मेडिकल कॉलेजात ते त्वचा-गुप्तरोग विभागात किंवा स्त्रीरोग ओपीडीत असतं. 'गुप्तरोग' ही पाटी वाचून बायका दारातून परत फिरतात. अशांनी सरळ स्त्रीरोग ओपीडीत केस पेपर काढावा, किट तिथूनही मिळतं. महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. क्लिनिकमध्ये समुपदेशक असतो, जोडीदाराच्या औषधाचं बोलणं त्याच्याकडे होतं, आणि एचआयव्ही व सिफिलिसची रक्त तपासणी तिथेच सुचवतात. ती करून घ्यावी. एक संसर्ग असेल तर दुसरा सोबत असू शकतो. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

या सेवेतली उणीव खासगीपणाची. नाकोच्या नियमानुसार बोलणं आणि तपासणी दोन्ही आडोशाला व्हायला हवीत. गर्दीच्या ओपीडीत दोन बायका एकाच टेबलाशी उभ्या असतात आणि तिसरी ऐकत असते. अशा वेळी 'मला आत बोलायचंय, आणि तपासून घ्यायचंय' असं सिस्टरला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. तपासताना सोबत स्त्री कर्मचारी असावी, हेही मागता येतं. आशाताई सोबत असली तर बरंच सोपं होतं.

किट घेतल्यावर सात दिवसांनी परत जायचं असतं, आणि बहुतेक जणी जात नाहीत. बरं वाटलं असेल तर जाणं टळलं तरी चालेल. ट्रायकोमोनास निघाला असेल किंवा त्रास तसाच असेल तर मात्र जावंच, आणि दुसरं हिरवं किट न घेता स्पेक्युलम आणि पट्टीची तपासणी मागावी. त्याआधी ४८ तास योनीत क्रीम किंवा गोळी ठेवू नये, आतून धुऊ नये, संबंध टाळावा, आणि पाळी चालू असेल तर संपल्यावर दोन-तीन दिवसांनी जावं. सोबत रिकामं पाकीट न्यावं, म्हणजे आधी काय दिलं ते डॉक्टरांना विचारत बसावं लागत नाही.